हिंदीतला ‘साहब’ : सोबत्याचा धनी कसा झाला

प्रश्न असा आला आहे : हिंदी कथा-कादंबऱ्यांत पानोपानी ‘वकील साहब’, ‘शर्मा साहब’, ‘भाई साहब’ भेटतात. कोशात पाहिलं तर ‘साहब’ म्हणजे मालक, स्वामी. मग भावाला मालक म्हणायचं कशासाठी? ही इंग्रजांनी लावलेली सवय का? आपला मराठी ‘साहेब’ तोच का? बाईमाणसाला ‘साहिबा’ म्हणावं का? आणि शेवटचा भाग अगदी निकडीचा : एका निवृत्त हिंदी प्राध्यापकांना पत्र लिहायचं आहे, तर त्यांना ‘जी’ लिहू की ‘साहब’?

माझा धंदा हिंदी-उर्दूतून मराठीत अनुवाद करण्याचा. कथाही केल्या, आत्मचरित्रंही केली आणि पोटासाठी बँकांची परिपत्रकंही. अवघड शब्द कोशात सापडतात, त्यांचा त्रास होत नाही. छळतात ते ‘साहब’सारखे सगळ्यांना ठाऊक असलेले शब्द. कोशातला ‘मालक’ हा अर्थ खोटा नाही, पण तो या शब्दाच्या प्रवासातला मधला मुक्काम आहे. त्याआधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कळल्याशिवाय ‘भाई साहब’ उलगडत नाही.

शब्द अरबी आहे. साद, हे, बे या तीन अक्षरांचा धातू. अर्थ बरोबर असणं, संगत करणं. त्यावरून ‘साहिब’ म्हणजे बरोबर असणारा, सोबती. पैगंबरांचे जे सहकारी त्यांना ‘सहाबा’ म्हणतात, तो याच शब्दाचा अनेकवचनी अवतार. कुराणात यूसुफाच्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात (12:39), यूसुफ तुरुंगातल्या दोघा सोबत्यांना हाक मारतो ती ‘साहिब’ याच शब्दानं. तिथे मालकीचा वासही नाही, तिघेही कैदीच. आजही कैरोच्या रस्त्यावर मित्र मित्राला ‘या साहबी’ म्हणतो, म्हणजे ‘अरे दोस्ता’. आपल्याकडे शिपायानं वरिष्ठाला घातलेली साद आणि कैरोतल्या पोरानं मित्राला मारलेली हाक, शब्द एकच.

याच धातूपासून ‘सुह्बत’ हा शब्द झाला, फारसीतून आला तो हिंदीत ‘सोहबत’ म्हणून राहिला, आणि मराठीत त्याची ‘सोबत’ झाली. म्हणजे ‘सोबती’ आणि ‘साहेब’ हे मराठीतले सख्खे भाऊ. एकानं गडीमाणसांबरोबर बसणं पसंत केलं, दुसरा खुर्चीवर गेला. ‘सोबत’ आपल्यात इतकी मुरली आहे की ती परकी आहे असं सांगितलं तर लोक चमकतात, आणि मग हट्टानं संस्कृत ‘सह’कडे बोट दाखवतात. उच्चारात नि अर्थात जवळीक आहे खरी, पण नातं नाही. दोन वेगळ्या भाषाकुळांतले योगायोगानं सारखे दिसणारे शब्द आहेत ते.

आता सोबत्याचा धनी कसा झाला? हा बदल हिंदुस्थानात झालाच नाही, अरबीतच झाला. ‘बरोबर असणारा’ म्हटलं की ‘कशाच्या बरोबर’ हा प्रश्न येतो. गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची जी गोष्ट कुराणात आहे त्यांना ‘अस्हाब-उल-कहफ’ म्हणतात : गुहेचे सोबती, म्हणजेच गुहेतले लोक. माणसाच्या सोबतीवरून शब्द जागेच्या, वस्तूच्या, गुणाच्या सोबतीवर आला. ज्याच्यापाशी घर तो घराचा साहिब, ज्याच्यापाशी दुकान तो दुकानाचा साहिब. ‘बाळगणारा’ आणि ‘मालक’ यांत मग अंतर उरतंच किती?

फारसीनं हे ‘बाळगणं’ फार कलाकुसरीनं वापरलं. ‘साहिब-दिल’ म्हणजे ज्याला हृदय आहे असा, रसिक. ‘साहिब-नज़र’ म्हणजे पारखी. ‘साहिब-ए-ख़ाना’ म्हणजे यजमान. तैमूरला ‘साहिब-क़िरान’ म्हणत, गुरू आणि शनी यांच्या युतीचं भाग्य ज्याला लाभलं आहे असा. आणि त्याच्याच वंशातल्या शाहजहाननं स्वतःला ‘साहिब-क़िरान-ए-सानी’, दुसरा साहिब-क़िरान, म्हणवून घेतलं. या सगळ्यांत ‘साहिब’चं मराठी ‘मालक’ असं केलं तर हसं होईल. आपला ‘-वंत’ किंवा ‘-वान’ हा प्रत्यय जे काम करतो ते इथे ‘साहिब’ करतो.

आणि नुसता ‘साहिब’, मागेपुढे काही न लावता, मानाचा किताब म्हणून कधीपासून? याचं एक जुनं आणि नामांकित उदाहरण इराणातलं आहे. बुवैही घराण्याचा वजीर इब्न अब्बाद (938–995), मोठा विद्वान आणि ग्रंथांचा लोभी माणूस. त्याला ‘अस्-साहिब’ म्हणत. का, याची दोन कारणं जुने चरित्रकार देतात : तो आपल्या आधीच्या वजिराच्या सदैव संगतीत असे म्हणून, किंवा राजपुत्राचा लहानपणापासूनचा सोबती म्हणून. कारण कुठलंही धरा, दोन्हींत अर्थ ‘सोबती’ हाच आहे. पण पुढे ते वजिराच्या पदाचं नाव होऊन बसलं. राजाशी लगट असणं हाच मोठेपणा असतो अशा ठिकाणी सोबत्याचा साहेब व्हायला वेळ लागत नाही. आपल्या मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये दोन मजले चढून पाहा, सिद्धान्त पटेल.

हिंदुस्थानात हा शब्द फारसीबरोबर आला आणि दरबारातून थेट देवळात गेला. मला या टप्प्याचं सगळ्यात नवल वाटतं. निर्गुण संतांनी देवाला ‘साहिब’ म्हटलं. गुरू नानकांच्या जपजीत ‘साचा साहिबु साचु नाइ’ असं येतं : धनी खरा आणि त्याचं नावही खरं. कुणी म्हणेल, हे संत हिंदू-मुसलमान दोहोंच्या सीमेवरचे, त्यांनी फारसी शब्द घेतला तर बिघडलं काय? तर मग तुलसीदासांकडे या. रामचरितमानस 1574 मध्ये अयोध्येत लिहायला घेतलं गेलं. त्याच्या बालकांडातच ओळ आहे : ‘गई बहोर गरीब नेवाजू। सरल सबल साहिब रघुराजू॥’ गेलेलं परत मिळवून देणारा, गरिबांना पोसणारा, सरळ आणि समर्थ असा साहेब रघुराज. एका चौपाईत ‘गरीबनवाज’ही आहे आणि ‘साहिब’ही, आणि दोन्ही बिरुदं प्रभू रामाची. काशीच्या या ब्राह्मण कवीला शब्दाचं कूळ विचारावंसं वाटलं नाही. ज्याच्या दारात गाऱ्हाणं न्यायचं त्याला लोक ज्या नावानं हाक मारतात तेच नाव त्यानं देवाला दिलं.

जाता जाता : ‘साईं’ हा शब्दही त्याच संतांच्या तोंडी सारखा असतो आणि पुष्कळांना तो ‘साहिब’चा अपभ्रंश वाटतो. तो नव्हे. तो ‘स्वामी’वरून आलेला, अस्सल देशी.

शिखांकडे हा शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला. तिथे तो माणसापुरता नाही. ग्रंथ तो गुरू ग्रंथ साहिब, देऊळ ते हरमंदिर साहिब, झेंडा तो निशान साहिब, कृपाण ती सिरी साहिब, गावं ती आनंदपुर साहिब नि ननकाना साहिब. इथे मालकीचा प्रश्नच येत नाही. पूज्य जे जे, ते ते साहिब. यातला एक धागा आपल्या नांदेडला बांधलेला आहे. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला होते, तिथेच त्यांनी यापुढे माणूस गुरू नाही, ग्रंथच गुरू असं सांगितलं, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. म्हणून तिथलं तख्त ते ‘हुजूर साहिब’. ‘हुजूर’ हाही अरबी, अर्थ ‘हजर असणं, सान्निध्य’. म्हणजे नांदेडच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर एक मूळचं ‘सान्निध्य’ आणि एक मूळचा ‘सोबती’ असे दोन पाहुणे शेजारी शेजारी उभे आहेत. अनुवाद करताना इथे मी ‘साहेब’ लिहीत नाही. ‘गुरू ग्रंथ साहेब’ कानाला खटकतं. तिथे ‘साहिब’ ऱ्हस्व इकारासकट जसाच्या तसा ठेवायचा.

मराठीत हा शब्द इंग्रजांच्या कितीतरी आधी रुजला होता, आणि ‘सवय इंग्रजांनी लावली का’ या प्रश्नाचं उत्तर याहून चांगलं दुसरीकडे मिळणार नाही. शिवाजी महाराजांचं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना 1676 मध्ये गेलेलं पत्र बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं, भाजीच्या देठाला मन न दाखवण्याचं. त्याच पत्रात ‘साहेब मेहरबान होऊन’ असं येतं आणि ‘इमाने इतबारे साहेब काम करावे’ असंही. इथे ‘साहेब’ म्हणजे खुद्द महाराज, आणि ‘साहेबकाम’ म्हणजे आज आपण ज्याला सरकारी काम म्हणतो ते. जिजाबाईंना ‘आऊसाहेब’ म्हणत. पुढे पेशवाईत तर घराघरांत साहेब झाले : बाळाजी बाजीराव ते नानासाहेब, पानिपतावर पडलेले सदाशिवराव ते भाऊसाहेब. गोऱ्या साहेबाचा पुण्यात अंमल बसायला 1818 उजाडावं लागलं.

इंग्रजांनी केलं ते इतकंच, की चालू शब्द आपल्याकडे ओढून घेतला. कंपनीच्या कचेऱ्या-अदालतींची भाषा 1837 पर्यंत फारसीच होती, तेव्हा मुनशी आणि चपराशी जो शब्द मोगल अंमलदाराला वापरत तोच गोऱ्या अंमलदाराला मिळाला. हळूहळू ‘साहब’ एकटा उभा राहिला तरी त्याचा अर्थ ‘गोरा’ असा होऊ लागला. त्याची बायको ‘मेमसाहब’; त्यातला ‘मेम’ इंग्रजी ‘मॅम’चा. लॉर्डाचा ‘लाट साहब’ झाला. पुढे सरकारनं रीतसर किताबच काढले : मुसलमान आणि पारशी मंडळींना खानसाहेब, उत्तरेकडच्या हिंदूंना रायसाहेब, आपल्याकडे आणि दक्षिणेत रावसाहेब, त्याच्या वरची पायरी ‘बहादूर’ची. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 18व्या कलमानं सरकारी किताबांचा खेळ संपला, पण तोवर ‘रावसाहेब’ हे महाराष्ट्रात बारशाला ठेवायचं नाव झालं होतं. आणि ‘साहेबराव’ही! शब्द उलटेपालटे करून दोन वेगळी नावं करणं आपल्यालाच जमावं.

गोरा साहेब आणि आपला साहेब यांतला फरक मराठीनं व्याकरणात कसा ठेवला आहे हे अनुवादकानं बारकाईनं पाहावं. ‘साहेबांनी सही केली’ म्हणजे आमच्या कचेरीतल्या वरिष्ठांनी. ‘साहेबाने रेल्वे आणली’ म्हणजे इंग्रजाने. एका अनुस्वारात आदर राहतो किंवा जातो. ‘साहेबाचा देश’, ‘साहेबाची भाषा’ यांत मान आहे, पण मिशीत हसूनही घेतलं आहे. हिंदीत हे या रीतीनं होत नाही. तिथे ‘साहब ने’ दोघांनाही चालतं आणि आदर कळतो तो ‘आए हैं’ की ‘आया है’ या क्रियापदावरून. म्हणून हिंदीतलं ‘साहब ने कहा था’ मराठीत आणताना आधी ठरवावं लागतं की हा साहेब आपल्यातला की त्यांच्यातला.

इतर भाषांनीही हा शब्द आपापल्या अनुभवाप्रमाणे शिवून घेतला. तेलुगूत ‘सायिबु’ म्हणजे मुसलमान. कन्नडात ‘साब’चाही रोख तिकडेच. मलयाळममध्ये ‘सायिप्पु’ म्हणजे मात्र युरोपियन माणूस. ज्या गावात हा मान ज्याला मिळताना लोकांनी पहिल्यांदा पाहिला, त्या माणसाच्या जातीचं नाव होऊन तो बसला. गोव्यात तर आणखी गंमत. कोकणीत ‘सायब’ म्हणजे प्रभू, धनी. आणि ‘गोंयचो सायब’ म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. मेरीमाता ती ‘सायबीण’. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू भाविकही तेल वाहतात, कारण ती लईराई देवीची बहीण मानली जाते. अरबस्तानातून निघालेला सोबती इथे ख्रिस्ती संत होऊन बसला आणि त्याला देशी ‘-ईण’ प्रत्यय लागून स्त्रीरूपही मिळालं.

यावरून बाईमाणसाच्या प्रश्नाकडे येऊ. अरबीत ‘साहिबा’ आहे, अर्थ मैत्रीण किंवा सहचरी, पत्नीसुद्धा. उर्दूत आणि उर्दू वळणाच्या हिंदीत ‘बेगम साहिबा’, ‘प्रिंसिपल साहिबा’ सर्रास म्हणतात. पण ते बंधनकारक कधीच नव्हतं. शाहजहानची मुलगी जहाँआरा, मोगल जनानखान्यातली सर्वांत वजनदार स्त्री, तिला ‘बेगम साहिब’ म्हणत, आकाराविना. मराठीनं हाच पुरुषी-बायकी भेद न मानणारा रस्ता धरला : आईसाहेब, बाईसाहेब, वहिनीसाहेब, राणीसाहेब. मराठीत ‘साहिबा’ लिहिलं की लगेच लखनौचा पडदा सरकल्यासारखा वाटतो, तेव्हा कथा तिथली असेल तरच लिहावं. आजच्या हिंदी कचेरीत बाई अधिकारी असतील तर त्यांना ‘मैडम’ म्हणतात, आपल्याकडेही ‘मॅडम’च, तिथे ‘साहिबा’ लावलंत तर कानाला थोडं नाटकी वाटेल.

आता मूळ दुखण्याकडे : भावाला मालक का म्हणतात? म्हणत नाहीतच. हिंदीत ‘साहब’ दुसऱ्या शब्दाला चिकटला की त्याचा स्वतःचा अर्थ विरघळतो आणि नुसता मान उरतो. बोलताना तर अक्षरंही विरघळतात : डॉक्टर साहबचं ‘डाक्साब’, मास्टर साहबचं ‘मास्साब’, भाई साहबचं ‘भाईसाब’. ‘मास्साब’मध्ये मालक शोधणारा माणूस आपल्या ‘गुरुजी’मध्ये जीव शोधेल. कशाला चिकटतो यातही हिंदी आणि मराठी वेगळ्या आहेत. हिंदी ‘साहब’ लावते पेशाला (वकील साहब), आडनावाला (शर्मा साहब), नात्याला (भाई साहब) आणि गवयाला : मुसलमान उस्ताद ते ‘ख़ाँ साहब’. हा शेवटचा मान आपल्याकडे जसाच्या तसा आला. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ हे मराठी रसिकांना कायम खाँसाहेबच, तर त्यांच्याच काळातले हिंदू गवई बहुतेक ‘बुवा’. मराठीचा खास लाडका साचा मात्र वेगळा : घरगुती हाक अधिक साहेब. अण्णासाहेब, तात्यासाहेब, दादासाहेब, काकासाहेब, बाळासाहेब. धोंडो केशव कर्वे ते अण्णासाहेब, धुंडिराज गोविंद फाळके ते दादासाहेब, आणि डॉ. आंबेडकर ते बाबासाहेब. यात जिव्हाळा आधी आणि मान मागून. हिंदी माणसाला हे जोडकाम कळत नाही, तो ‘बाबा साहब’ असं तोडून लिहितो, आणि मग ‘बाबा’ हा संन्यासीबुवा वाटू लागतो.

टेबलावर काम करताना हे सगळं कसं येतं त्याचे दोन-चार नमुने देतो. रेल्वेच्या डब्यात कुणी म्हणतो, ‘भाई साहब, ज़रा खिसकिए।’ याचं ‘भाऊसाहेब, जरा सरका’ केलं की डब्यात एकदम पेशवाई अवतरते. मराठी माणूस म्हणेल, ‘दादा, जरा सरका ना.’ दुसरं : दोन मित्र गप्पा मारताहेत, एक वैतागून म्हणतो, ‘अरे साहब, छोड़िए!’ इथे ‘साहब’ कुणाला उद्देशून नाहीच, ती एक लकब आहे. ‘अहो, सोडा हो!’ यातले दोन्ही ‘हो’ मिळून त्या ‘साहब’चं काम करतात. तिसरं : कारकून म्हणतो, ‘साहब, यह मुझसे न होगा।’ इथे मात्र बिनदिक्कत ‘साहेब, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.’ आणि चौथा नमुना माझ्या आवडीचा, उपरोधाचा : ‘साहब तो अब बड़े आदमी हो गए हैं।’ शब्दाला शब्द ठेवला तर टोमणा बोथट होतो. मी लिहिलं, ‘स्वारी आता मोठी झाली!’ ‘स्वारी’मध्ये घोडा, पालखी, अब्दागिरी आणि खवचटपणा सगळं आलं. जुन्या काळची बायको नवऱ्याला ‘साहब’ म्हणते तिथे ‘हे’, ‘इकडून’, किंवा नवरा मोठ्या हुद्द्यावर असेल तर ‘आमचे साहेब’. शेवटचं रूप सरकारी वसाहतींत अजून ऐकू येतं.

रस्त्यावरच्या गारुड्याची नि औषधं विकणाऱ्याची ‘मेहरबान, क़दरदान, साहबान’ ही आरोळी तर मी भाषांतर करायचा नादच सोडला आहे. ‘साहबान’ हे फारसी अनेकवचन आहे, आणि ते आता जवळजवळ या आरोळीपुरतंच जिवंत आहे. मराठी कथेतही तो माणूस हिंदीतच ओरडतो, तेव्हा तसंच ठेवायचं.

राहिला ‘जी’चा आणि पत्राचा मुद्दा. ‘जी’ला मराठीत नवखा समजू नका. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी ‘ॐ नमो जी आद्या’ अशी आहे, आणि ती शके 1212 ची, म्हणजे 1290 मधली. विदर्भात आजही ‘हो जी’, ‘काय जी’ म्हणतात, आणि शाहिराच्या मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणतात तो हाच. ‘जी’ बहुधा ‘जीव’वरून आला, म्हणजे ‘चिरंजीव असा’ या आशीर्वादातून; मानसमध्ये मंत्री राजाला ‘जय जीव’ म्हणून वाकतात त्यावरून ही व्युत्पत्ती मला पटते. हिंदीत आज दोघांची वाटणी अशी दिसते. ‘वर्मा जी’ म्हणजे शेजारी, सहकारी, भाजीवाल्याचं ओळखीचं गिऱ्हाईक, देवळातले पंडित, टीव्हीवरचे नेते. वयाचा नि ओळखीचा मान. ‘वर्मा साहब’ म्हणजे हुद्दा, किंवा हुद्दा नसला तरी एक प्रकारचं रुबाबदार अंतर. ‘जी’ जवळ बसवतो, ‘साहब’ समोर खुर्ची देतो. शिवाय ‘जी’ची सोय अशी की तो स्त्रीपुरुष दोघांना चालतो, धर्म विचारत नाही, आणि पहिल्या नावालाही लागतो, ‘रमेश साहब’ मात्र अवघडल्यासारखं वाटतं. मराठी राजकारणी एकमेकांना अलीकडे पहिल्या नावापुढे ‘जी’ लावू लागले आहेत ती हिंदी वाहिन्यांची देणगी. मला ते आवडत नाही. ‘राव’, ‘पंत’, ‘भाऊ’, ‘ताई’, ‘साहेब’ असताना उसनवारी कशाला? पण ‘सर’नं या सगळ्यांनाच रजा दिली आहे, तेव्हा ‘जी’वर एकट्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

तुमच्या प्राध्यापकांना पत्र लिहिताना पाकिटावर ‘प्रो.’ आणि पूर्ण नाव पुरे. ‘श्री’ही लावायचं, ‘प्रो.’ही आणि वर ‘साहब’ही, असं करू नका. आत मायना ‘आदरणीय’, मग आडनाव, मग ‘जी’. हिंदीच्या निवृत्त प्राध्यापकांना पत्रात ‘साहब’ दिसला तर राग येणार नाही, पण मायन्यात ‘आदरणीय’बरोबर ‘जी’च शोभतो, ‘साहब’ची जोडी ‘मुहतरम’ किंवा ‘जनाब’शी जमते, आणि ते उर्दूचे प्राध्यापक असतील तर मात्र तसंच लिहा, ‘जनाब’ आधी, ‘साहब’ शेवटी. मजकुरात त्यांना ‘आप’, क्रियापद अनेकवचनी : ‘आप आए थे’, ‘आप आएँगे’. मराठी हाताला इथे एक खोड असते, ‘तुम्ही’चं भाषांतर ‘तुम’ करण्याची. हिंदीतला ‘तुम’ आपल्या ‘तुम्ही’च्या पुष्कळ खाली बसतो, विद्यार्थ्यानं तो गुरूला लिहिला तर वरचे सगळे ‘जी’ फुकट जातात. फोनवर बोलाल तेव्हा खुशाल ‘जी सर’ म्हणा, हल्ली तेही तेच म्हणतात.